घाटासाठी गाडी तयार करताना: आधी हवा, मग रबर, मग शॉकअप आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

साताऱ्यातून निघालेली गाडी फार वेळ सपाटीवर राहत नाही. यवतेश्वरचा चढ तर गाव संपतंय न संपतंय तोच सुरू होतो. वाईच्या पुढे पसरणी, मेढ्याच्या पुढे केळघर, कोयनानगर ओलांडलं की कुंभार्ली, पुण्याहून येताना खंबाटकी. या रस्त्यांवर गाडीने वळणात धरलेली रेघ सोडू नये आणि मागच्या सीटवरच्या माणसाच्या पोटात ढवळू नये, एवढंच आपलं मागणं असतं.

कडक सस्पेन्शनची गाडी रस्ता धरते, मऊ सस्पेन्शनची आरामाची असते आणि दोन्ही एकत्र मिळत नाही, असा एक समज आहे. नवी गाडी घेताना त्यात थोडंफार तथ्य असतं. पण पाच-सहा वर्षं वापरलेल्या गाडीत पकड आणि आराम दोन्ही जोडीनेच जातात, कारण दोन्हींच्या मुळाशी तेच झिजलेले भाग असतात. म्हणून दुरुस्तीही एकच, फक्त ती क्रमाने व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. गाडी एका बाजूला ओढते म्हणून आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), मग नवे टायर, ते एका बाजूने खाल्ले की पुन्हा अलाइनमेंट, आणि शेवटी कुणाला तरी लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, फाटलेला रबरी बुश दिसतो. तोवर टायरचा जोड वाया गेलेला असतो.

आधी हवा, तीही थंड टायरमध्ये

गाडी रस्त्याला फक्त चार जागी टेकते आणि प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. स्प्रिंग, शॉकअप, आर्म, स्टॅबिलायझर ही सगळी यंत्रणा त्या चार तळहातांना रस्त्याला चिकटवून ठेवायला आहे. तिथेच गडबड असेल तर वरचं कितीही बदला, फरक पडत नाही.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. त्यावर कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, असे बहुधा दोन आकडे असतात. छोट्या गाड्यांना साधारण ३० ते ३६ पीएसआय लागते, पण अंदाजाने न भरता आपल्या गाडीचा आकडा वाचा. पाच माणसं, डिकीत सामान आणि महाबळेश्वर असा बेत असेल तर मागच्या चाकांना भरलेल्या गाडीचा आकडा लावायचा. तो न लावल्यास मागचे टायर बसतात आणि वळणात गाडीचा मागचा भाग हेलकावतो. दोष शॉकअपला दिला जातो, पण तो टायरच्या भिंतीचा हेलकावा असतो.

हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना बघा. घाट चढून गेल्यावर टायर तापतो आणि दाब ३ ते ५ पीएसआय वर दिसतो. पाचगणीत पंपावर तो वाढलेला आकडा बघून हवा सोडू नका. खाली उतरून टायर थंड झाले की तेवढीच हवा कमी पडते. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण २ पीएसआयने कमी होतो, म्हणून थंडी सुरू होताना एकदा जरूर तपासा. स्वतःचा गेज घ्या, कारण प्रत्येक पंपाचा आकडा थोडा वेगळा असतो. नायट्रोजन भरला तरी चालेल, पण महिन्यातून एकदा बघणं त्यानेही टळत नाही.

हवेनंतर नक्षी. टायरच्या खोबणीत जे छोटे उंचवटे असतात तिथवर नक्षी आली की १.६ मिलीमीटर उरलेली असते आणि ती कायद्याची शेवटची मर्यादा आहे. कासच्या वाटेवरचा किंवा कुंभार्लीतला पाऊस बघता ३ मिलीमीटरच्या खाली आलेल्या टायरवर पावसाळा काढू नये. खोबण पाणी बाहेर टाकू शकली नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग हातात हलकं होतं. टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्काही वाचा. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३२१ हा २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर.

आता टायरवरून हात फिरवा, कारण झिजेचा नमुना खरा आजार सांगतो. दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी राहिली आहे, मधला भाग गेला असेल तर जास्त. फक्त आतली किंवा बाहेरची कड गेली असेल तर कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) किंवा टो (वरून पाहताना चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बिघडलाय. तळहात आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर तो टोचा दोष. आणि टायरच्या घेरावर ठराविक अंतराने खड्डे-उंचवटे जाणवले तर शॉकअप मेलेला आहे आणि चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय.

वीस मिनिटांची फेरी

गाडी लिफ्टवर घेण्याआधी ती रस्त्यावर काय बोलते ते ऐकून घ्या. पहाटे रहदारी नसताना समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाने वर जाऊन परत या आणि शेवटी महामार्गावर एक सरळ पट्टा घ्या. खिडक्या उघड्या, रेडिओ बंद, डिकीतली स्टेपनी आणि जॅक घट्ट बांधलेला. सैल जॅकची खडखड ऐकून शॉकअप बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

१. रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. कट्-कट्-कट् असा चाकाच्या गतीबरोबर वाढणारा आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा सीव्ही जॉईंट, म्हणजे चाक वळलं तरी फिरत राहणारा सांधा, गेला.

२. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. स्प्रिंगमधून टणकन आवाज आला आणि स्टिअरिंगला झटका जाणवला तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडीच्या) वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय.

३. छोट्या, खडबडीत जागेवरून २० च्या वेगाने जा. पुढून हलकी टकटक आली तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर. मोठ्या खड्ड्यात एकदाच धप्प आवाज आला तर शॉकअप, बम्प स्टॉप (शॉकअप तळाला आपटू नये म्हणून असलेला रबरी थांबा) किंवा माउंटिंग.

४. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर देताना गाडी थरथरते आणि पाय काढताच थांबते? आतला सीव्ही जॉईंट किंवा इंजिनचं फाउंडेशन (इंजिन धरणारे रबरी आधार).

५. उतारावर ब्रेक लावतानाच स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क बघा. न ब्रेक लावता ८० ते १०० च्या दरम्यानच थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग.

६. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी गुणगुण. सौम्य उजव्या वळणात ती वाढली तर डाव्या चाकाचं हब बेअरिंग, डाव्या वळणात वाढली तर उजव्याचं. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून उलट बाजू.

७. सरळ रस्त्यावर जोर दिला की गाडी एकीकडे आणि पाय काढला की दुसरीकडे सरकत असेल तर पुढच्या लोअर आर्मचे बुश. याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

हे सगळं वहीत लिहा आणि मगच मेकॅनिककडे जा. “पुढून आवाज येतोय” एवढंच सांगितलं तर पुढचं सगळंच बदललं जाण्याची शक्यता असते. “२० च्या वेगात, खडबडीत रस्त्यावर, डावीकडून टकटक” असं सांगितलं तर अर्ध्या तासात नेमका भाग सापडतो.

लोअर आर्मचे बुश: आराम आणि पकड यांचा खरा सौदा

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) असतो. पुढचा खालचा आर्म इंग्रजी एल अक्षरासारखा दिसतो. एका टोकाला बॉल जॉईंट, तो चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडलेला. उरलेली दोन टोकं रबरी बुशने चेसिसला धरलेली. हे दोन बुश एकसारखे नसतात, मुद्दामच.

एक बुश चाकाच्या जवळजवळ रेषेत असतो आणि कडक असतो. वळणात चाकावर आडवा जोर येतो तो हा सोसतो, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच वळते. दुसरा, बहुतेक गाड्यांत मागचा, आकाराने मोठा आणि मऊ असतो, त्याच्या रबरात पोकळ फटी सोडलेल्या असतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ते काही मिलीमीटर मागे सरकतं आणि धक्का स्टिअरिंगपर्यंत पोचायच्या आधी त्या रबरात जिरतो. आडव्या दिशेला कडक आणि पुढे-मागे मऊ ही एवढीशी युक्ती आहे, पण पकड आणि आराम एकाच गाडीत राहतात ते हिच्यामुळे.

म्हणून मागचा बुश फाटला की दोन्ही जातं. खड्डा थेट हाताला कळतो आणि ब्रेक लावल्यावर चाक ठरल्यापेक्षा जास्त मागे सरकून त्याचा टो बदलतो. पसरणीच्या उतारावर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला पाऊल टाकल्यासारखी सरकते, ती यामुळे.

तपासताना गाडी लिफ्टवर घ्या, पण आर्म लोंबता ठेवू नका, खाली आधार द्या. आर्म आणि सबफ्रेम यांच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून हलका जोर द्या. रबर दबणारच, तो त्याचा धर्म आहे. बघायचं ते असं: रबर लोखंडी बाहीपासून सुटलंय का, चीर आरपार गेलीय का, आर्म ठक्कन लोखंडाला लागतोय का. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात, त्यावरून घाबरून आर्म बदलू नका. बॉल जॉईंटचा बूट फाटला असेल तर मात्र त्याला मुदत देऊ नका. जॉईंट सुटला तर चाक आडवं पडतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारं काम. नवा आर्म किंवा बुश बसवताना गाडी लिफ्टवर आणि चाकं लोंबत असतात. अशा वेळी बुशचा बोल्ट पूर्ण आवळला तर आतली बाही त्या लोंबत्या कोनात पकडली जाते. गाडी खाली आली की आर्म वर उचलला जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते आतून हळूहळू फाटतं, गाडीची उंचीही थोडी वर राहते आणि नवा बुश काही महिन्यांत पुन्हा आवाज करू लागतो. मग “माल डुप्लिकेट निघाला” म्हणतात. योग्य रीत अशी: बोल्ट हाताने बसवून हलके आवळा, गाडीचं वजन चाकांवर आणा, पुढचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडा आणि मग त्याच उंचीवर टॉर्क पान्ह्याने कंपनीच्या आकड्यापर्यंत आवळा. खड्डा किंवा चारखांबी लिफ्ट असेल तर हे सोपं जातं. नसेल तर बॉल जॉईंटखाली जॅक लावून आर्म गाडी उभी असतानाच्या उंचीवर आणा. काम देतानाच हे सांगा, नंतर कळायला मार्ग नसतो.

पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीखाली डिझेल किंवा जुनं काळं ऑइल मारून देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पत्र्याला त्याने थोडा फायदा होत असेलही, पण बुश, बूट आणि होज यांच्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. गंजरोधक लेप द्यायचाच असेल तर त्यासाठीचा वेगळा माल वापरा आणि रबर झाकून घ्या. बुश कुरकुरत असेल तर सिलिकॉनचा फवारा चालतो, तेल किंवा साधं ग्रीस नाही.

लिंक रॉड तपासायची एक खुबी: एकच चाक उचलून लिंक हलवून बघू नका. स्टॅबिलायझर बार पिळलेला असतो आणि सैल लिंकही घट्ट लागते. दोन्ही चाकं एका उंचीवर ठेवून हाताने हलवा. हा बार दोन चाकांना जोडून वळणातला कल कमी करतो. लिंक तुटली तर गाडी चालते, पण कलते.

शॉकअप

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिची उसळी शमवतो. आत तेल आणि बहुधा नायट्रोजन असतो. पिस्टनच्या बारीक झडपांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. बोनेट दाबून सोडायची परीक्षा सगळे करतात. गाडी दीड हेलकाव्यात थांबली नाही तर शॉकअप मेला हे खरं, पण थांबली म्हणजे चांगला आहे असं नाही. हाताने दाबताना वेग फार कमी असतो आणि अर्धा गेलेला शॉकअपही त्यात पास होतो. नळीवर तेलाचा ओलसर थर असेल तर चालतं. तेल ओघळून खाली थेंब धरत असेल तर बदला.

बदलताना एका धुरीचे दोन्ही एकदम. डावा नवा आणि उजवा ऐंशी हजार किलोमीटरचा अशी जोडी लावली तर गाडी डाव्या आणि उजव्या वळणात वेगवेगळी वागते. स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धूळरोधक बूटही बघून घ्या, कारण मजुरी तीच आहे. बम्प स्टॉपचा भुगा झालेला असेल आणि तोच परत बसवला तर नवा शॉकअप पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तळाला आपटतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रट उघडू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी असते.

महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या काही नव्या गाड्यांत धक्क्याच्या वारंवारतेनुसार मऊ-कडक होणारे शॉकअप आहेत. बारीक खडबडीत मऊ, मोठ्या हेलकाव्यात कडक. त्या जागी साधा, फक्त मापाने बसणारा शॉकअप लावला तर गाडी बसेल, पण तिचा स्वभाव जाईल. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

उंचीही मोजा. सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, चारही बाजूंना. एकाच धुरीवर डाव्या-उजव्यात सेंटीमीटरच्या वर फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा खालचा वेढा तुटलाय. बोलेरो किंवा पिकअपला मागे पाटे असतात. तिथे तुटलेलं पान, सैल यू-बोल्ट आणि शॅकलचे बुश बघायचे.

स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर बाजारात सर्रास मिळतात. गाडी खाली घासत नाही म्हणून लोक घालतात. घालू नका असंच सांगू. एक वेढा अडला की उरलेल्या वेढ्यांवर जास्त ताण येतो, स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप जुन्या कडकपणासाठीच बनलेला असतो. खड्ड्यातून वर येताना गाडी उडते. गाडी बसली असेल तर स्प्रिंग बदलणं हाच उपाय.

स्पीडब्रेकरचं तंत्रही इथेच सांगायला हवं. ब्रेक लावलेला असताना गाडी पुढे झुकते, पुढची स्प्रिंग आधीच दबते आणि धक्का सोसायला प्रवास उरत नाही. म्हणून वेग आधी कमी करा आणि चाक उंचवट्याला लागायच्या क्षणाआधी ब्रेक सोडा. न चुकवता येणाऱ्या खड्ड्यालाही हेच.

ड्राइव्ह शाफ्ट, डिफरन्शियल आणि फाउंडेशन

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तीच चाकं ओढतात आणि तीच वळवतात. हेअरपिन वळणावर चढताना गाडीचा भार मागे जातो, त्यात वळणामुळे आतलं पुढचं चाक आणखी हलकं होतं. साधं डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटणारं गिअरचं यंत्र) दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं, म्हणून आतलं चाक घसरलं की बाहेरच्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. इंजिन रेस घेतं, गाडी जागेवर. अशा वेळी पाय कमी करा, शक्य असेल तेवढं स्टिअरिंग थोडं सरळ करा, पकड आली की पुन्हा जोर द्या. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर ते घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे वळवतं, म्हणून घाटात ते बंद करू नका. कोरड्या डांबरावरही प्रत्येक हेअरपिनला चाक घसरत असेल तर त्या बाजूचा शॉकअप आणि टायर बघा. चाक उड्या मारत असेल तर ट्रॅक्शन कंट्रोलही किती करणार?

थार, जिम्नीसारख्या पार्ट-टाइम फोर बाय फोर गाड्यांत डांबरी घाटात टू व्हीलवरच राहा. फोर व्हील लावलं की पुढची आणि मागची धुरी एकाच गतीला बांधली जाते. वळणात मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात. ही तफावत माती किंवा चिखलात चाक घसरून निघते, डांबरावर निघत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या धुरीला जोर वाटणाऱ्या पेटीवर) चढतो.

सीव्ही जॉईंटचा बूट दर दोन-तीन महिन्यांनी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवा, गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे टॉर्च मारा. घडीच्या रबराच्या खोबणीत बोट फिरवा. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची गोल फवारणी दिसली तर बूट फाटलाय. आवाज नसताना सापडला तर शाफ्ट काढून, जॉईंट धुऊन, नवा बूट, किटमधलं पूर्ण मॉलिब्डेनम ग्रीस आणि नव्या क्लिपा एवढ्यावर भागतं. तसाच चालवला तर कास-महाबळेश्वरच्या बाजूची जांभ्याची लाल माती ग्रीसमध्ये मिसळते आणि ते मिश्रण जॉईंटमधल्या गोळ्यांच्या खोबणी पॉलिश पेपरसारखं घासतं. एकदा कटकट सुरू झाली की ग्रीस भरून उपयोग नाही, जॉईंट बदलावा लागतो.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) बघा. गाडी रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना टंग असा आवाज आला तर तिथे ढिलाई आहे. ग्रीस निपल असेल तर सर्व्हिसिंगला नवं ग्रीस चारही बाजूंनी बाहेर येईपर्यंत मारून घ्या.

इंजिन फाउंडेशनसाठी दोन माणसं लागतात. बोनेट उघडा, बघणारा बाजूला उभा राहील, गाडीसमोर नाही. ब्रेक आणि हँडब्रेक पक्का, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्समध्ये. इंजिन थोडं झुकणारच. पण ते उडी मारल्यासारखं उचललं गेलं किंवा ठक्क वाजलं तर फाउंडेशनचं रबर फाटलंय. एसी लावून गाडी उभी असताना सीट गुदगुल्या केल्यासारखी थरथरते, तीही बहुधा यामुळेच. अनेकदा फक्त खालचा टॉर्क रॉड बदलून काम होतं.

मोठे अलॉय लावण्याआधी हा हिशेब करा

१८५/६५ आर १५ या टायरची भिंत १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलीमीटर. पूर्ण व्यास ६२१. १९५/५५ आर १६ लावला तर व्यास जवळपास तोच राहतो, ६२१, पण भिंत १०७ वर येते. १३ मिलीमीटर रबर आणि हवा कमी झाली. वळणात टायर कमी वाकतो, स्टिअरिंग चपळ लागतं आणि खड्डा जास्त कळतो. हा सौदा अनेकांना परवडेल. २०५/४५ आर १७ लावला तर व्यास ६१६ आणि भिंत फक्त ९२. व्यास अजून मर्यादेत आहे, पण मूळपेक्षा २८ मिलीमीटर गेले. अशा टायरला खड्ड्याची धारदार कड लागली की रिम वाकतो किंवा भिंतीत फुगा येतो. त्यात मोठं चाक बहुधा जड असतं. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की खड्ड्यानंतर चाक खाली बसायला उशीर लावतं आणि तेवढा वेळ पकड नसते. घाट आणि गावाकडचे रस्ते रोजचे असतील तर मूळ मापच ठेवा, फार तर एक इंच वर जा. तसंही मूळ मापात चांगला नवा टायर घेतला तर पकड जास्त वाढते.

आता अलाइनमेंट

सैल भाग बदलून झाले, हवा बरोबर आहे, गाडीत सामान नाही. आता गाडी अलाइनमेंटला न्या आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागा. मशीनवर सेन्सर लावल्यावर चाकांचा रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) काढला जातोय का, स्टिअरिंग सरळ ठेवून पकडलंय का आणि गाडी दाबून सोडलीय का, हे तिन्ही समोर उभं राहून बघा.

प्रिंटमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो एवढाच खरा जुळवता येतो, टायरॉडवरून. मागचा टॉर्शन बीम सहसा जुळवता येत नाही. तिथला आकडा लाल असेल तर बीम वाकलाय किंवा बुश गेलाय. पुढच्या डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला ओढते. कॅस्टर (बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) ज्या बाजूला कमी, त्या बाजूलाही ओढते.

कॅम्बर बाहेर असेल तर काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅकने स्ट्रट दाबून, वाकवून आकडा हिरवा करून देतात. याला नकार द्या. कॅम्बर बिघडला म्हणजे आर्म, नकल, स्ट्रट किंवा सबफ्रेम यांपैकी काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. चांगला स्ट्रट वाकवून आकडा जुळतो, पण पिस्टन रॉड आत घासू लागतो आणि सील गळतं.

सगळे आकडे बरोबर असूनही गाडी ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा, फक्त एकदिशा नक्षीचे नसतील तर. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे. आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घेतलाय का, ते विचारा. ही यंत्रणा स्टिअरिंगचा कोन आणि गाडी खरोखर किती वळतेय यांची तुलना करून एकेका चाकाला ब्रेक लावते. शून्य चुकलेलं असेल तर ती सरळ रस्त्यावर भलताच अर्थ काढते किंवा दिवा लावून बसते.

उतार

ज्या गिअरमध्ये घाट चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये एल, एस किंवा मॅन्युअल मोड वापरा. न्यूट्रलमध्ये उतरलात तर इंजिनचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणं म्हणजे ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा करणं, शिवाय पॉवर स्टिअरिंगही जातं. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. ठरवून दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला.

इलेक्ट्रिक गाडी पाचगणीत शंभर टक्के चार्ज करून लगेच पसरणी उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची ऊर्जा घ्यायला जागा नसते, रीजन (मोटरने वेग उतरवून ऊर्जा परत घेणं) कमी होतं आणि सगळा भार घर्षणाच्या ब्रेकवर येतो. ऐंशीवर थांबलात तर उतरता-उतरता बॅटरी थोडी भरतेच.

सगळं काम झाल्यावर चाकांचे नट एअरगनने नव्हे, टॉर्क पान्ह्याने आणि ताऱ्याच्या क्रमाने आवळून घ्या. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. एअरगनने वेडेवाकडे आवळलेले नट डिस्क ताणतात आणि पुढे ब्रेक लावताना थरथर येते. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर, टायर थंड असताना, तेच नट पुन्हा एकदा तपासा. मग यवतेश्वरची तीच फेरी, त्याच वेगाने, आणि वहीतल्या पहिल्या नोंदीशेजारी दुसरी नोंद.